अमास्याची रंगारीण

नदीवर निळ्या सुताच्या लडी पिळत असताना इमिल्दाला मागून कुणीतरी नावानं हाक मारली. तुर्कांच्या या अमास्या गावात तिला सगळे फिरंगीण म्हणत. तिचं खरं नाव इथं कुणाला ठाऊकच नव्हतं. तिनं वळून पाहिलं. पांढऱ्या दाढीचा, लंगडणारा तो माणूस तिचा नवरा होता, आरिप्रांदो.

कैक वर्षांपूर्वी धर्मयुद्धासाठी येरुशलेमला निघालेल्या लोंबार्डीच्या फौजेत दोघं लहानग्या ओत्ताला घेऊन सामील झाली होती. तो एका सरदाराच्या घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. मेर्झिफोनच्या माळावर तुर्कांनी फौज घेरली, झोडपली, आणि अंधार पडल्यावर सरदार आपल्या स्वारांसह छावणी तशीच टाकून पळाले. आरिप्रांदोही गेला. उजाडलं तेव्हा बायका, पोरं आणि जखमी तेवढे उरले होते. तुर्कांनी कैद्यांची वाटणी केली. ओत्ताला उंटावर बसवून पूर्वेकडे नेलं. इमिल्दा इथल्या रंगाऱ्याच्या घरी गुलाम म्हणून आली.

आरिप्रांदो व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर तिला शोधत आला होता. गावी घर आहे, दुसरं लग्न केलं नाही, असं त्यानं सांगितलं. तिला अडवणारंही कुणी नव्हतं. रंगाऱ्याच्या विधवेनं मरताना तिला मोकळं केलं होतं.

"आम्हाला उठवलं का नाहीत?" तिनं विचारलं.

"घोडा एकच होता. म्हटलं, पहाटे मागं फिरेन." तो थांबला. "नाही. तसलं काही मनात नव्हतं. भ्यालो होतो मी."

तिनं हातातली लड पिळून दगडावर ठेवली. तिचा राग केव्हाच विरून गेला होता, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलंही नव्हतं.

"मी येत नाही," ती म्हणाली. "मला अमास्याला नेतायत हे पोरीनं ऐकलंय. सुटली तर इथंच येईल."

त्यानं फार आग्रह केला नाही. काफिला निघायच्या दिवशी ती त्याला पुलापर्यंत पोचवायला गेली, वाटेसाठी भाकऱ्या दिल्या. खेचरावर बसता बसता तो थबकला.

"तिच्या भुवईवर वण होता ना, पडली होती तेव्हाचा. उजव्या की डाव्या?"

इमिल्दाचा निळा हात आपल्याच कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"डाव्या," ती म्हणाली.

"हो, डाव्याच," तो समाधानानं म्हणाला आणि निघाला.

काफिला पुलापलीकडच्या वळणावर दिसेनासा झाला. वण उजव्या भुवईवर असावा, असं तिला वाटू लागलं होतं. विचारायला आता कुणीच नव्हतं.