आगानेथाचे त्वेबाक

भाड्याच्या ट्रकमध्ये सात जणांची सोय होती आणि त्या सातांत आगानेथा नव्हती. लेकीचं अख्खं बिऱ्हाड उत्तरेकडचं कोरडं चिवावा सोडून दूर दक्षिणेला, काम्पेचेच्या नव्या वसाहतीत निघालं होतं. जावई इझाक म्हणे, आईंना एवढा प्रवास झेपायचा नाही, त्यांनी इथंच बहिणीकडे राहावं. लेकीवाचून राहणं आगानेथाला नको होतं. पण विनवण्या करणाऱ्यांतली ती नव्हे.

आधी त्याच ट्रकनं पुरुष मंडळी जमीन बघून येणार होती. लेकीनं शिदोरीला नेहमीचे शनिवारचे पाव केले, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा बसवलेले त्वेबाक. आगानेथानं टोपलीत डोकावून सांगितलं, हे परत भट्टीत घाल.

इझाकला हसू आलं. "भाजलेलं परत भाजायचं? आई, आपल्या बोलीत त्वे म्हणजे दोन. दोन गोळे, म्हणून त्वेबाक. शेंबडं पोरही सांगेल."

"शेंबड्या पोरालाच विचारलंस वाटतं. बाक म्हणजे भाजणं. त्यात गोळा कुठं आला? दोनदा भाजलेला तो त्वेबाक. माझी आजी रशियातून निघाली, आई मला कडेवर घेऊन कॅनडातून. दोघींनी पोती भरून असेच आणले. तुम्ही साठ वर्षं एका जागी बसलात आणि दुसरं भाजणं विसरलात."

पण जावई पडला दीडशहाणा. टोपली तशीच ट्रकमध्ये चढली. आगानेथानं आपल्या वाटणीचे पाव फोडले, मंद आचेवर खडखडीत भाजले आणि पिशवीत भरून गुपचूप ट्रकच्या सीटखाली सारले.

तीन आठवड्यांनी मंडळी परतली. इझाक तडक गोठ्याकडे गेला. घडलेलं सांगितलं ते ड्रायव्हर रोसेंदोनं, तेही पोट धरून हसत. तिकडे पावसानं रस्ता वाहून गेला, पाच दिवस चिखलात अडकले, आणि दमट उकाड्यात टोपलीतल्या पावांना हिरव्या दाढ्या फुटल्या. मग सीटखालची पिशवी सापडली. कॉफीत बुडवून बुडवून सगळे त्यावरच जगले, आणि सगळ्यात जास्त इझाकनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इझाकनं मैद्याचं पोतं आगानेथाच्या चुलीपाशी आणून ठेवलं.

"आई, वाटेसाठी त्वेबाक करून द्या. दोनदा भाजून."

"किती जणांचे?"

तो हातातली टोपी फिरवत म्हणाला, "आठ जणांचे."

आगानेथानं फडताळ उघडलं. आत खडखडीत त्वेबाकच्या आठ पिशव्या तोंडं शिवून तयार होत्या.