खोलीचा कोट

मुंबईत एवढं काय ठेवलंय, असं आमच्या वाडीत कोणी विचारत नाही. विचारायचं काय त्यात? सगळ्यांना तोंडपाठ आहे. घरात नळ, बटण दाबलं की उजेड, सासू इकडे नि आपण तिकडे. हे आम्हाला सांगितलं कोणी? जे तिकडे राहून आले त्यांनी. ते कशाला खोटं बोलतील, नाही का? कशाला बोलतात ते मी सांगते. मी यशोदा. मी स्वतः बोललेय, आणि तेही मुंबईत पाऊल न टाकता.

माझा घोव धोंडू मुंबईत गिरणीत होता. लग्न झालं, पंधरा दिवस राहिला नि बोटीनं परत गेला. तेव्हापासून मी, सासू काशीबाई, सासरे आणि दोन गायी. तो यायचा शिमग्याला. मालवणच्या बंदरात बोट लांब उभी राहायची, माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, आणि त्या सगळ्या गर्दीत धोंडू लांबूनच ओळखू यायचा. अंगात करड्या रंगाचा लोकरी कोट. मार्चचं ऊन, घामाच्या धारा लागलेल्या, तरी गडी कोट काढायचा नाही. "धोंडू सायब इलो गो!" बायका मला डिवचायच्या. मीही कमी नव्हते. विहिरीवर गेले की "आमच्या ह्यांका मुंबयत कोटाशिवाय चलना नाय" असं मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. बडा घर पोकळ वासा, पण वासा पोकळ आहे हे मला तरी कुठे माहीत होतं?

"माका मुंबयक कधी व्हरतलास?" मी दर वर्षी विचारायचे.

"फुडच्या वर्साक. खोलयेचा बघतंय."

खोली म्हणजे खोली. त्या खोलीत माणसं किती, हे विचारायचं डोक्यात कधी आलं नाही. मला वाटे खोलीत तो एकटा, खिडकीत बसून माझी आठवण काढतोय.

पंचावन्न सालच्या शिमग्याला तो आला तेव्हा कोटाचा आतला खिसा फाटला होता. घरात दोरा नव्हता. सासरे खाडीत मासे पागायचे, त्यांच्या जाळ्याचं सालीत रंगवलेलं तांबडं सूत होतं, तेच घेतलं नि शिवला. गाठ मारली जाळ्याला मारतात तशी, कारण मला दुसरी येतच नाही. धोंडू म्हणाला, "अगो, तांबडा दिसता." मी म्हटलं, "आतसून कोण बघता मेल्या?" तो हसला, आणि चार दिवसांनी कोट घालून बोटीत बसला.

मे महिन्यात माझ्या बहिणीचं जमवायचं चाललं होतं. सुगंधा, एकोणीस वर्षांची, माझ्याहून उजळ आणि माझ्याहून हट्टी. दोन स्थळं होती. एक गुरुदास. कट्टा गावात मोटारीच्या थांब्याजवळ त्याचं चहाभज्यांचं हॉटेल. स्वतःचं घर, आई वारलेली, म्हणजे सासूचाही त्रास नाही. माणूस शांत, बोलायचा कमी. पण सुगंधानं नाक मुरडलं. "त्याच्या अंगाक भजयांचो वास येता," म्हणाली.

दुसरा बाबली. शेजारच्या गावचा, मुंबईत गिरणीला. तो बघायला आला त्या दिवशी मी माहेरी होते. अंगणात शिरला तोच कोट घालून. करडा. मनात आलं, मुंबईत सगळेच असले कोट घालत असतील. बाबा म्हणाले, "काडा तो, उकडता किती." त्यानं कोट काढला, उलटा केला, अस्तर वर घेऊन नीट घडी घातली आणि बाकावर ठेवला. आमचा धोंडूही अगदी अशीच घडी घालायचा. चहा ठेवायला जागा हवी म्हणून मी तो कोट उचलला. आतल्या खिशाला तांबडं सूत. जाळ्याची गाठ.

आपल्या हातची शिवण बाईला कळत नाही असं कधी होतं का? पहिला विचार आला तो वाईटच. म्हटलं, धोंडूचं काही बरंवाईट झालं आणि ह्यानं कोट उचलला. बाबली हात धुवायला मागच्या दारी आला तशी मी त्याला माडाखाली गाठला.

"ह्यो कोट माझ्या घोवाचो. तुझ्याकडे कसो?"

तो पांढराफटक पडला. "वयनी, पाया पडतंय, आवाज करू नकात. धोंडूदादा बरो आसा. ह्यो कोट कोणाचोच नाय. खोलयेचो."

मग सगळं ओकला. एका खोलीत अठरा माणसं, सगळी आपल्या भागातली. रात्रपाळीची दिवसा झोपतात, दिवसपाळीची रात्री, आणि मधल्या वेळेला जो तो जिन्यात बसतो. खोलीत एक मोठी पेटी, पेटीत हा एक कोट, सगळ्यांनी मिळून जुन्या बाजारातून आणलेला. जो गावाला जाईल त्यानं घालायचा. आल्यावर उन्हात टाकून परत पेटीत. काढला की उलटा घडी घालायचा, हाही नियमच. आणि एका गावची दोन माणसं एका महिन्यात गावाला जायची नाहीत, नाहीतर कोट उघडा पडेल.

"आणि तू गिरणीत काय करतंस?"

"बदली आसंय. सकाळी गेटार उभो रवतंय. कोण इलो नाय तर काम गावता." मान खाली घालून म्हणाला, "वयनी, मी तुमका खरां सांगितलंय. आता मारा नायतर ऱ्हवा द्या. पण तुमी बोललास तर एकट्याची नाय, अठरा घरांची अब्रू जातली. धोंडूदादाची पयली."

मी त्याला जा म्हटलं. माडाला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं मी ज्या कोटाच्या जिवावर विहिरीवर मिरवत होते, तो अठरा जणांच्या घामाचा होता. रडायला आलं नाही, संताप आला. धोंडूचा, बाबलीचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

पाहुणे गेले. बाबांनी मला पडवीत बोलावलं. माझे बाबा साधे, उभ्या जन्मात मालवणच्या पलीकडे गेले नाहीत. म्हणाले, "यशोदे, माका काय कळना नाय. गुरुदासाचा घर माज्या डोळ्यासमोर आसा. मुंबयचा मी काय बघलंय? तू मुंबयकराची बायल, तुका म्हायत. तू सांगशीत तां करतंय. उद्या कट्ट्याक निरोप धाडूचो आसा."

दारामागे सुगंधा उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या एका शब्दावर पोरीचा जन्म होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. नंतर काही कळलं, तेव्हा कळलं नव्हतं, असली सबब मी सांगणार नाही.

"मुंबयवालो बरो," मी म्हटलं.

सुगंधानं दारामागून येऊन मला मिठी मारली.

मनाची समजूत मी घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. धोंडूची अब्रू, अठरा घरांची अब्रू. शिवाय पोरीलाच भज्यांचा वास नको होता, मी कोण मध्ये पडणार? अशी समजूत घालत राहिले, आणि ती पटतही होती.

लग्न झालं. सुगंधा सासरी गेली, बाबली पंधरा दिवसांनी कोटासकट मुंबईला. चार वर्षांत तो दोनदा आला. सासू सावित्रीबाई, तिच्या जिभेला हाड नव्हतं. मूल नाही म्हणून सुनेला बोलायची, आणि मूल कुठून होणार हे विचारायची कोणाची टाप नव्हती. सुगंधा भेटली की तिचं एकच. "फुडच्या वर्साक माका व्हरतले. खोलयेचा बघतत." मी खाली बघायचे.

गुरुदासानं पेंडूरची बायको केली. कडक बाई. गल्ल्यावर बसून नवऱ्याला दिवसभर बडबडायची, आणि तो भजी तळता तळता हसायचा. मोटारीची वाट बघत मी थांब्यावर उभी असले की ते सगळं दिसायचं. संध्याकाळी हॉटेल बंद करून दोघं एकामागून एक घरी जायची. मी तिकडे पाठ करून उभी राहायचे.

एकोणसाठच्या मे महिन्यात सुगंधानं कहर केला. कोणाला न विचारता, मुंबईला निघालेल्या एका म्हातारीची सोबत धरून बोटीत बसली. बरोबर पत्र्याची ट्रंक, स्टो, तवा, पोळपाट लाटणं, संसाराचं सगळं. सावित्रीबाईनं आमच्या दारात येऊन आकांत मांडला. मी मात्र गप्प. तिकडे काय दिसणार हे माझ्याशिवाय त्या गावात कोणाला ठाऊक होतं?

सातव्या दिवशी ती परत आली. सावित्रीबाई दारात घेईना, म्हणून माहेरी. मी धावत गेले. अंगणात बायकांचा घोळका. काय गो सुगंधा, कशी मुंबय? मी कडेला उभी. म्हटलं, आता फुटतं सगळं.

"काय सांगू तुमका?" सुगंधा हसून म्हणाली. "खिडकीत उभ्या रवला काय खालसून ट्रामी जातत. रात्रीचो दिवसासारखो उजेड. ह्येंची खोली म्हणजे काय! फक्त माका थंयचा पाणी मानवाक नाय, म्हणान इलंय."

बायका निघून गेल्या. आम्ही दोघीच कोकमासाठी रातांबे फोडायला बसलो. बिया एकीकडे, सालं एकीकडे, हात कोपरापर्यंत लाल. मग सालं पसरता पसरता, ती कोणा दुसऱ्याचं सांगावं तसं सांगू लागली.

"माका बघून सगळी माणसा उठान भायर गेली. ह्ये सोडून सतरा जणा. तीन रात्री जिन्यात निजली, कोणी एक शब्द बोलूक नाय. मी भायर इलंय काय मान खाली घालीत. माका चाय आणून देयत. चौथ्या दिसा सकाळी दार उघडलंय, तर रातपाळयेची चार माणसा दारात उभी. डोळे लालभडक. आत येवक लाजत होती आणि दुसरीकडे जावक जागा नाय. तुजो धोंडू त्यांच्यात होतो." ती थांबली. "मीच ह्येंका सांगलंय, माका बोटीत बसवा."

मी पुढचा रातांबा घेतला.

"ह्येंनी माका सगळा सांगितल्यानी," ती म्हणाली. "माडाखालचा पण. तुका म्हायत होता."

"होता."

"मगे बोलूक नाय कित्याक?"

धोंडूची अब्रू, अठरा घरं, झाकली मूठ, सगळं जिभेवर आलं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि खोटं बोलायचा कंटाळा आला. चार वर्षं स्वतःलाही न सांगितलेलं तोंडातून बाहेर पडलं.

"गुरुदास रोज सांजेक तुज्या घराक इलेलो माका बघवलो नसतो," मी म्हटलं. "मी एकटी निजतंय, आणि माजी धाकटी भैण घोवाक जेवूक वाढता. ह्या माका सोसला नसता गो."

सुगंधानं हातातला रातांबा फोडला. बिया काढल्या. मला वाटलं आता मारेल, शिव्या देईल, बाबांना हाक मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

"खरां बोललंस तां बरां झाला," ती शांतपणे म्हणाली. "आता माकाय कोणाचो संसार बघवचो नाय."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ती सासरी परत गेली, आणि मुंबई बघून आलेली म्हणून सावित्रीबाईसुद्धा तिला जरा दबून वागू लागली. वाडीतल्या पोरी तिच्याभोवती गोळा व्हायच्या. ती सांगायची आणि त्या ऐकायच्या. तिच्या तोंडची मुंबई दर वर्षी मोठी होत होती.

दोन वर्षांनी मी तिच्याकडे गेले होते तेव्हा आमच्या माहेरची शेजारीण हौसाबाई आली. मुलीला दोन स्थळं चालून आलेली. एक सावंतवाडीचा, लाकडी खेळणी करणारा, तळ्याकाठी स्वतःचं घर. दुसरा मुंबईचा, खोली असलेला.

"सुगंधा, तू डोळ्यांनी बघून इलंस," हौसाबाई म्हणाली. "माज्या चेडवाचा काय करू तां तूच सांग."

त्या मुलीला मी कडेवर खेळवली होती. सुगंधा सांगेल, असं क्षणभर खरंच वाटलं मला. जिचं वाटोळं झालं ती दुसऱ्या पोरीचं होऊ देईल काय?

सुगंधानं हौसाबाईकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "मुंबयवालो बरो."

माझेच शब्द, माझ्याच आवाजात. हौसाबाई माझ्याकडे वळली. "तुका काय वाटता गो यशोदे?"

बोलायला पुन्हा एकदा संधी मिळाली होती. तोंड उघडलंही. सुगंधा माझ्यावरून नजर काढत नव्हती. मी खरं बोलले असते, तर हौसाबाईनं पुढचं विचारलंच असतं की मगे भैणीक सांगूक नाय कित्याक.

"सुगंधा बघून इलीहा," मी म्हटलं. "मी काय सांगतलंय?"

हौसाबाईनं पदर खोचला आणि सावंतवाडीच्या स्थळाला नकार कळवायला लगोलग निघून गेली.