कुकरमधली चकती

“बाई, तुमचा कुकर मोकळा आहे का?” मी विचारलं आणि ओट्याखाली वाकलेल्या बाबांचं डोकं खाड्कन सिंकला आपटलं.

आसावरीबाई हसल्या. “कुकर? भूक लागली का गं, मृणाली?”

“नाही हो! प्लाय उकळायचंय. म्हणजे तुमची खात्रीच पटेल!”

मला हल्ली सगळ्यांची खात्री पटवायचं वेडच लागलं होतं. आठवीपर्यंत मी हजेरीलाही पुटपुटायचे. यंदा शाळेत ह्याच बाईंनी ढकलत ढकलत वक्तृत्वाला उभं केलं आणि मी चक्क कप घेऊन आले! तेव्हापासून घरी, दारी, शेअर रिक्षात, जिथे तिथे मी सुटलेलीच. बाईंच्या कामतघरच्या घरातल्या किचनचं सुतारकाम बाबांना मिळालं, तेही माझ्याच बडबडीमुळे.

धामणकर नाक्यावरच्या दुकानात बाईंना एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, आवडलं होतं, गुळगुळीत म्हणून. बाबा म्हणाले, “वरच्या खोक्यांना चालंल, बाई. सिंकखाली मात्र वॉटरप्रूफ प्लायच. पाणी कवातरी गळतंच.” मग दुकानदाराने शेगडीवर उकळणारा एक तुकडा पातेल्यातून काढून दाखवला. अख्खाच्या अख्खा! माझ्या ते डोक्यातच बसलं.

आता सिंकखालच्या खोक्याला बाबांनी पाइपासाठी भोक पाडलं होतं. त्यातून निघालेली गोल चकती भुशात पडली होती. ती मी उचलली.

“ती नको, मृणे. पिशवीत चांगला तुकडा हाय, तो घे.”

“पिशवीतला कशाला? ह्या खोक्याचाच घ्यायचा. हो ना, बाई?”

“बाईंचा गॅस कशाला फुकट...”

“असू दे हो, रघूभाऊ. करू दे तिला प्रयोग.”

कुकर चढला. शिट्ट्यांच्या मधल्या वेळात मी बाईंना वॉटरप्रूफ प्लायवर जवळजवळ भाषणच ठोकलं. बाबा खोक्याचा एकच स्क्रू काढत होते आणि पुन्हा तोच लावत होते. मी ते पाहिलं. पण पाहून मला काही कळलं नाही.

झाकण उघडलं तेव्हा पाणी चहासारखं लाल झालं होतं आणि चकती भिजलेल्या वहीसारखी सुटली होती. थराथरात बोट गेलं असतं.

 मग बाई हळूच म्हणाल्या, “जुना तुकडा असेल हा. दुसऱ्या कुठल्या कामाचा. भुशात आला असेल. हो ना, रघूभाऊ?”

“हो हो, जुनाच तो!” मी ओरडले. माझे कान नुसते पेटले होते. बाबांनी फक्त मान हलवायची होती.

त्यांनी ती गरम चकती हातात घेतली, खोक्यापाशी बसले आणि भोकाला लावून पाहिली. फुगलेली चकती आत जाईना.

“न्हाय, बाई. हितलीच हाय. एक बाजू कमी पडली. त्या दिवशी शुक्रवार व्हता, दुकान बंद. घरी साध्या प्लायची फळी पडली व्हती, ती लावली. म्हटलं, उद्या सनमायका बसला की आतलं कोनाला दिसतंय.”

हे सगळं ते फरशीला सांगत होते.  बाईंनी कुकर घासायला घेतला आणि घासतच राहिल्या.

बाबांनी ती बाजू सोडवली आणि खांद्यावर घेऊन निघाले. वाटेत चहाच्या टपरीवरून सावळाराममामांनी हाक मारली, “काय रघू, झालं का मास्तरणीचं काम?”

“व्हतंय,” बाबा म्हणाले.

घर येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. ते ओरडले असते तर किती बरं झालं असतं!

दुसऱ्या दिवशी ते नवी फळी घेऊन घरी आले. कापण्याआधी तिचा एक कोपरा काढला आणि आईने डाळीसाठी काढलेल्या कुकरात टाकला. आईने त्यांचं तोंड पाहिलं आणि डाळ बाजूला ठेवली. शिट्ट्या होत होत्या आणि बाबा हात मागे बांधून शेगडीपाशी उभे होते. निकालाच्या दिवशी मी वर्गाबाहेर उभी राहते, अगदी तसे.

तुकडा अख्खा निघाला. त्यांनी कडेला नख लावून पाहिलं आणि तो माझ्यापुढे धरला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

“बाईंना दाखव. तूच दाखव.”

त्या दुपारी त्याच कुकरातल्या वरणाला डिंकासारखा वास येत होता.  बाबांनी भात कालवून संपवला आणि पुन्हा वरण मागून घेतलं.