वळणावरचा कोहळा

सेतूमाधवचा हात आधी उठायचा आणि डोकं मागाहून चालायचं, हे कुंभकोणमात कुणाला सांगायची गरज नव्हती. कुंभेश्वराच्या देवळाजवळ त्याचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी तो लोण्यासारखा बोले, पण एकाने समईत भेसळ आहे म्हटल्यावर त्याच समईने त्या माणसाचा खांदा फोडला होता. घराणं तंजावरी मराठी, तिथेच मुरलेलं. वडील लवकर गेले. धाकट्या विश्वेशला सेतूनेच वाढवलं, शिकवलं, आणि वेळोवेळी बडवलंही. पण पोरावर त्याचा जीव होता. विशूला कुणी नुसतं वाकडं बोललं तरी सेतूची कानशिलं तापायची.

हा विश्वेश निघाला सायकलवाला. कावेरीच्या त्या सपाट मुलुखात उंच म्हणून काही असेल तर देवळाचं गोपूर, आणि तिथला पोरगा डोंगर चढण्यात पटाईत व्हावा, याचं गावाला नवल वाटे. तो कोइमतूरला राहून सराव करी आणि शर्यती मारी. आता कोल्ली मलैच्या घाटात मोठी शर्यत होती. तिच्यात पहिला येईल त्याला एक टीम पगारावर ठेवून घेणार होती, आणि जागा एकच होती.

"अण्णा, हें साधलें तर मग मागें पाहायला नको," विश्वेश फोनवर म्हणाला होता. "साईकुमार एकटाच भारी अहे. गेल्या खेपेस वळणावर मला कोपर मारला तो."

"कोपर मारला? आणि तूं काय केलास?"

"काय करायचें? शर्यतींत होतें तसें." विश्वेश हसला आणि विषय संपला. म्हणजे त्याच्यापुरता संपला. सेतूने तो कोपर जपून ठेवला.

रविवारी पहाटे अरुणकुमारची व्हॅन दाराशी आली. अरुणकुमार सेतूचा शाळेपासूनचा मित्र, तमिळ माणूस, स्वभावाने थंड. शेजारी बसला होता बालाजी, म्हणजे बाला, सेतूच्याच जातीगोतातला. याला स्वतःला मारामारी जमत नसे, पण दुसऱ्याची लावून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. निघताना सेतूच्या आईने, जयलक्ष्मीबाईंनी, त्याच्या मांडीवर एक कोहळा आणून ठेवला. वर भोक पाडून आत कुंकू कोंबलेलं होतं.

"पोर पुढें गेलें कीं ओवाळून रस्त्यावर फोड," त्या म्हणाल्या. "साऱ्या गांवाचे डोळे अहेत त्याच्यावर. माझ्यानें येववत नाहीं, तूं कर."

"करतों, आई."

तिरुची मागे पडल्यावर चहाच्या टपरीपाशी एका लॉरीने व्हॅनचा आरसा उडवला. लॉरीवाला खाली उतरून माफी मागत होता, तोवर सेतूने त्याला मानगुटीला धरून लॉरीच्या दारावर आपटलंसुद्धा. माणसाच्या नाकातून रक्त आलं आणि त्याच्या पांढऱ्या बनियनवर टपटपलं.

"अजून एक दे! त्याखेरीज समजत नाहीं ह्यांना!" बाला गाडीतूनच ओरडला.

अरुणकुमारने मध्ये पडून सेतूला ओढून आणलं, लॉरीवाल्याला पाणी दिलं आणि गाडी सुरू केली. "आपण शर्यत बघायला निघालोय ना?" तो तमिळमध्ये एवढंच म्हणाला. सेतू आपली बोटं चोळत बसला. त्याला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. मारून झालं की त्याला नेहमीच बरं वाटे.

कोल्ली मलैचा घाट म्हणजे नुसती वळणं. रस्ता स्वतःलाच वळसे घालत वर चढतो, आणि प्रत्येक वळणाला बाहेरच्या बाजूला दगडी कठडा. तिघांनी अर्ध्या घाटातलं एक वळण धरलं. तिथे आधीच गर्दी होती. कुणी ढोल आणले होते, काहींनी सकाळीच ढोसली होती. सायकली दिसायच्या आधीच दोन टोळक्यांत जागेवरून जुंपली. एकाच्या डोक्यात बाटली फुटली आणि पोलिसाने काठीने दोघांनाही झोडपलं. बाला टाळ्या पिटत होता.

मग खालून शिट्ट्या ऐकू आल्या. पुढे मोटारसायकल, आणि तिच्यामागे दोघेच. निळ्या कपड्यांत विश्वेश आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटलेला साईकुमार. विश्वेशच्या मांडीच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ झाल्या होत्या, तोंड उघडं, नजर रस्त्यावर. "विशू! तोडून टाक त्याला!" सेतू एवढ्याने ओरडला की त्याचा घसा बसला. विश्वेशने मान वर केली नाही. दोघे वळणावरून वर निघून गेले. मागून बाकीचे पाचा-सातांच्या घोळक्यांनी धापा टाकत गेले.

शेवटचा स्वार नाहीसा झाल्यावर सेतूने कोहळा काढला. वर कापूर पेटवला, विश्वेश गेला त्या दिशेला तोंड करून तीनदा ओवाळला, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून रस्त्याच्या मधोमध आपटला. गर्दीने आरोळी ठोकली. पांढरा गर आणि लाल कुंकू डांबरावर पसरलं.

शर्यतीचा एक माणूस पलीकडून शिट्टी वाजवत धावत आला आणि रस्ता साफ करा म्हणून हात नाचवू लागला. सेतूला त्याचा राग आला, पण आज विशूचा दिवस म्हणून त्याने गिळला. मोठी शकलं त्याने पायाने कडेला सारली. बालाने पाण्याच्या दोन बाटल्या ओतून उरलेलं धुतल्यासारखं केलं. तो माणूस तेवढ्यावर समाधान मानून पुढच्या वळणाकडे गेला. पाण्याने कुंकू पसरलं, गर पातळ झाला आणि बिया जिथल्या तिथे चिकटून राहिल्या.

आता खरी गोष्ट अशी, की शर्यत डोंगराच्या माथ्यावर संपत नव्हती. वरून वळसा घालून याच रस्त्याने खाली यायचं आणि पायथ्याशी शेवट. विश्वेशने फोनवर हे सांगितलंही असेल. पण सपाटीत जन्म काढलेल्या माणसाच्या मनात डोंगराची शर्यत म्हणजे चढणं. वर जो आधी पोचला तो जिंकला, मग कुणी उतरेल आपला गाडीत बसून. सेतूने असंच धरलं होतं, बालानेही. अरुणकुमारने विचारच केला नव्हता. तिघे व्हॅनच्या सावलीत बसून जयलक्ष्मीबाईंनी बांधून दिलेल्या इडल्या खात होते, तेव्हा वरून शिट्ट्या आल्या.

"गाडी येतेय का?" सेतू हात झटकत रस्त्याकडे धावला.

गाडी नव्हती. वरच्या वळणातून विश्वेश सुटला होता, पाठ सपाट करून, हनुवटी हँडलला टेकवून, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून साईकुमार. एवढ्या वेगाने माणूस सायकलवर जातो हे सेतूने कधी पाहिलं नव्हतं. पोर जिंकतंय, एवढंच त्याच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. तेवढ्यात साईकुमारने आपला डावा हात हँडलवरून काढला आणि विश्वेशकडे झपकन बाहेर फेकला. तो काहीतरी ओरडला. विश्वेशची सायकल आडवी झाली.

सायकल घसरत गेली आणि माणूस कठड्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज ढोलांमधूनही ऐकू आला. साईकुमारची सायकल त्याच ठिकाणी घसरली, तो दोनदा लोळला आणि गुडघ्यांवर थांबला. विश्वेशची मांडी नको तिथे वाकली होती. त्याचा चेहरा, गळा आणि सगळी छाती लाल झाली होती.

साईकुमार उठला. एक हात लोंबत होता, तरी लंगडत विश्वेशकडेच निघाला. तो तिथे पोचलाच नाही.

"ढकललास! माझ्या भावाला ढकललास!"

पहिला ठोसा तोंडावर बसला. साईकुमार काही बोलू पाहत होता, पण दातांबरोबर शब्दही सांडले. सेतूने त्याचं हेल्मेट ओरबाडून काढलं आणि त्याच हेल्मेटने त्याच्या तोंडावर घातलं. पुन्हा घातलं. बालाने मागून त्याचा मोडका हात पिरगाळून धरला, तसा तो पोरगा जनावरासारखा ओरडला. "कोपर मारतोस? आतां मार कोपर!" सेतू म्हणत होता आणि मारत होता. गर्दीतले दोघे-तिघे, ज्यांचा कशाशी संबंध नव्हता, तेही येऊन लाथा घालून गेले. बाकीचे मोबाइल उंच धरून उभे होते. शेवटी सेतूने त्याला केसांना धरून कठड्याच्या कोपऱ्यावर आपटलं. साईकुमारचं ओरडणं थांबलं.

"अण्णा! सोड त्याला! अण्णा!"

विश्वेश कधीपासून ओरडत होता कोण जाणे. अरुणकुमारने सेतूच्या कमरेला विळखा घातला आणि दोघे मिळून रस्त्यावर पडले. सेतू उठायला गेला तर त्याचा तळवा सरकला आणि तो पुन्हा आपटला. त्याने हात पाहिला. हात लाल होता, बुळबुळीत होता आणि बोटांच्या बेचक्यात कोहळ्याच्या बिया चिकटल्या होत्या.

त्याने विश्वेशकडे पाहिलं. पोराच्या गळ्यावर, छातीवर त्याच बिया होत्या. ते रक्त नव्हतंच. रक्त होतं ते साईकुमारच्या तोंडाखाली, आणि ते वेगळं दिसत होतं, काळसर आणि दाट.

"तो हात दाखवत होता," विश्वेश दात आवळून म्हणाला. वेदनेने त्याचा आवाज चिरकत होता. "पुढें कांहीं दिसलें तर शेजारच्याला हात करून दाखवायचें, ही आमची रीत अहे. खालीं पाहा म्हणून ओरडला तो. मला वांचवायला हात सोडला, म्हणून तो पण पडला."

पोलीस आले, टीमचा मॅनेजर आला. बालाचं डोकं मात्र अजून ताळ्यावर होतं, त्याची जीभ कधीच थकत नसे. "साहेब, त्या पोरानेच ढकललं. शेकडो लोकांनी पाहिलं," त्याने तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. गर्दीतून पाच-सहा जणांनी लगेच माना डोलावल्या. त्यांनी लाथा घातल्या होत्या, त्यांनाही कारण हवंच होतं.

मॅनेजर विश्वेशच्या बाजूला गुडघ्यावर बसला. "त्याने ढकललं का तुला? नीट सांग. ढकललं असेल तर त्याला कायमचं बाद करतील. तुझा पाय जुळेपर्यंत जागा तुझ्यासाठी ठेवीन मी."

सेतू पाहत होता. विशूने नुसती मान हलवली असती तरी सगळं झाकलं गेलं असतं. जागा मिळाली असती, आणि सेतूच्या हातून जे घडलं त्याला भावासाठी केलेलं म्हणता आलं असतं. त्याने विश्वेशच्या डोळ्यांत डोळे घालून, लाज सोडून विनवणी केली. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या पोराकडे काही मागत होता.

"नाही," छातीवरची कोहळ्याची बी चिमटीत धरून विश्वेश तमिळमध्ये म्हणाला. "त्याने मला हात लावला नाही. रस्त्यावर कोहळा फोडला तो यांनी, आणि साईकुमारला मारलं तेही यांनीच." त्याने बोट करून सेतूला दाखवलं, मग बालाला.

पोलिसाने सेतूच्या तोंडात भडकावली तेव्हा त्याने हात वर केला नाही. लोकांनी तेही मोबाइलवर घेतलं.

साईकुमार जगला. त्याचा डावा डोळा मात्र गेला, आणि त्या डोळ्याबरोबर सायकलही गेली. टीमने तिसऱ्याच कुणाला घेतलं. जामीन मिळून सेतू कुंभकोणमला परतला तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि रस्त्यावर ओळखीची माणसं नजर चुकवत होती. बाला त्याच्या आधी सुटला होता आणि आपण नुसते सोडवायला गेलो होतो असं चहाच्या दुकानात सांगत फिरत होता. सेतूच्या मनात आलं की जाऊन त्याचा जबडा फोडावा. पण हाताची मूठच वळली नाही.

जयलक्ष्मीबाईंनी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेल्या. पुढच्या खोलीत विश्वेश खाटेवर होता, मांडीत सळी घातलेली. वॉकर धरून तो उठायची खटपट करत होता, कपाळावर घाम आला होता. त्याचा हात सुटला तसा सेतू धावला आणि त्याच्या काखेत हात घातला.

"हळू, विशू. मी अहें नव्हे? टेक माझ्यावर."

विश्वेश थांबला. या घरात पिढ्यान् पिढ्या एक रीत होती. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि आत मराठी. घरात तमिळ निघायचं ते पोस्टमनसाठी, भाजीवालीसाठी, चुकून दारात आलेल्या परक्यासाठी. भावाभावांत भांडणं झाली, मार झाला, तरी तो मराठीतच झाला होता.

विश्वेशने सेतूचं मनगट धरलं आणि काखेतून हळूच काढून बाजूला केलं. मग बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा तो अदबीने म्हणाला, "वेण्डाम् सार. अम्मा वरुवांग."

नको साहेब. आई येतील.

"विशू," सेतू म्हणाला. "मला मार. पण असें बोलूं नको रे."

विश्वेशने स्वयंपाकघराकडे तोंड फिरवलं. "आई, अंमळ ये गे," त्याने हाक मारली. जयलक्ष्मीबाई पदराला हात पुसत आल्या, आणि त्यांना मध्ये यायला जागा मिळावी म्हणून सेतू भिंतीला लागून उभा राहिला.