वल्ह्यातली पाच बोटं

मी एक जुना पंजा आहे. वसईजवळच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझा मुक्काम आहे. मित्रांनो, मला पाहून पुष्कळजण दचकायचे, कारण मी तुमच्या हातासारखा दिसतो.

खरं तर मी एका गाद्याचा उजवा पर. गादा म्हणजे तुमचा डॉल्फिन. अर्नाळ्याच्या समुद्रात मी त्याला वळवत असे. एके दिवशी तो जाळ्यात गुरफटला आणि त्याला वर येता आलं नाही. पुढे लाटांनी त्याचं शरीर विखुरलं. माझी कातडी असती तर कोळ्यांनी मला लांबूनच ओळखलं असतं. पण ती झडली, आणि वाळक्या शिरांनी धरून ठेवलेली हाडं तेवढी वाळूत उरली.

१९९६च्या दिवाळीनंतर मी रखमाबाईंना सापडलो. त्यांचे यजमान गंगाराम दोन वर्षांपूर्वी होडीसकट बुडाले होते. होडीच्या फळ्या मिळाल्या, ते मिळाले नाहीत. म्हणून रखमाबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं, की क्रियाकर्म होऊ दिलं नव्हतं. रोज ओहोटी लागली की त्या किनाऱ्यावर शोधत फिरत. त्यांनी मला उचललं, माझ्या बोटांना आपली बोटं लावून पाहिली आणि पदरात गुंडाळलं.

घरी येऊन त्या दिराला म्हणाल्या, "ह्यो त्यांचा हात हाय."

दीर शत्रुघ्न मला उलटसुलट करून पाहत राहिला. मग म्हणाला, "वयनी, अग्नी देन्याआधी एकदा कॉलेजातल्या बाईंना दाखवू."

त्या बाई म्हणजे नंदाखाल गावच्या फ्लॉसीबाई. जीवशास्त्र शिकवत. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि शेजारी माणसाच्या हाताचा सांगाडा मांडला. त्यांना एका नजरेतच कळलं असावं, तरी त्या एकेक हाड मोजत राहिल्या. सांगायचं कसं, याचाच त्या विचार करत होत्या.

"रखमाबाई, आपल्या या बोटात हाडं तीन. याच्यात सहा आहेत. दंडाचं हाड बघा किती आखूड. हे गंगाराम नाहीत. हा गाद्याचा पर आहे."

"पर तर वल्ह्यासारखा असतो," शत्रुघ्न म्हणाला. "त्याला बोटं कशाला?"

"वल्ह्याला बोटं लागत नाहीत, तरी आहेत." बाईंनी वटवाघळाचा पंख आणून जवळ ठेवला. "दंडात एक हाड, पुढे दोन, मनगटात बारीक खडे, मग बोटं. तिघांतही तेच. फार फार मागे आपला, वटवाघळाचा आणि याचा पूर्वज एकच होता, जमिनीवर चालणारा. गाद्याच्या घरातले पुढे समुद्रात गेले. कामं बदलली, हाडांची ठेवण राहिली. तिच्यावरून आम्ही नाती शोधतो."

रखमाबाईंचं लक्ष माझ्यावरून हललं नव्हतं. "याला कल्लं नाय?"

"नाही. आपल्यासारखी फुप्फुसं. पाण्याखाली अडकला तर मरतो."

"म्हंजे यो पन बुडाला."

"हो."

रखमाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला पदरानं पुसलं. "तुमी ठेवा याला. पन टाकू नका."

आठवड्यानं शत्रुघ्ननं दर्भाचा पुतळा करून भावाला अग्नी दिला. रखमाबाईंनी होऊ दिलं.

मी काचेच्या कपाटात राहू लागलो. मुलं माझी हाडं मोजत, चित्रं काढत. बाई सांगत, आता डीएनए जुळवूनही नाती कळतात. जमिनीवर गाद्याचा सर्वात जवळचा नातलग पाणघोडा. मुलं हसत. दरवर्षी गंगारामच्या तिथीला मात्र रखमाबाई येत. बाई कपाट उघडत. रखमाबाई माझ्यावर तळवा ठेवून थोडा वेळ उभ्या राहत आणि मग जात.

२००५ साली बाई निवृत्त झाल्या. नवी कपाटं आली. माझ्यावरची नावाची चिठ्ठी गळून पडली आणि मला तुटक्या सूक्ष्मदर्शकांबरोबर खोक्यात टाकलं. त्या वर्षीही दारातून ओळखीचा आवाज आला.

"तो हात हाय का अजून?"

"कुठला हात, मावशी? इथे तसलं काही नाही," नवा कारकून म्हणाला. तो खोटं बोलला नाही. त्याला ठाऊकच नव्हतं.

मी चार पावलांवर होतो. मला बोटं पुष्कळ आहेत, पण खोक्यावर टकटक करता येत नाही. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, जपायला घेतलेल्या वस्तूवर ती काय आहे ते लिहा, आणि कुणी दिली तेही लिहा. आणि तुमच्यापैकी कुणी अर्नाळ्याचं असेल, तर रखमाबाईंना एवढं सांगा, मी अजून इथेच खोक्यात आहे म्हणून.