आर्थरच्या बँडमधली क्लॅरिनेट

“एसीच्या खोलीतून काढलीस की लगेच फुंकू नकोस. आधी हाताची ऊब दे, नाहीतर लाकूड तडकेल,” असं आर्थरने विनीताला बजावलं होतं. “हो अंकल,” म्हणून तिने सोडून दिलं. लेकीला शाळेतून आणायची वेळ होत आली होती, त्याआधी सराव उरकायचा होता, म्हणून तिने तशीच गार फुंकली. मित्रांनो, मी एक जुनी, काळ्या लाकडाची क्लॅरिनेट आहे. त्या दुपारी तडकले ती मीच.

माझा जन्म लंडनचा. दिवसा जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा आर्थर संध्याकाळी मला वाजवायला मित्रांना जमवायचा. सगळे हौशी. जुन्या जॅझच्या तबकड्या ऐकून ऐकून ही मंडळी ते विसरलेलं संगीत पुन्हा उभं करत होती. लोक हसले, पण ती थांबली नाहीत. पुढे नोकरीसाठी आर्थर सिंगापूरला आला, निवृत्त होऊन इथेच एकटा राहिला, आणि २००५ साली इथल्या बिशान भागात त्याने पुन्हा बँड जमवला. पण दात पडले, मला फुंकणं जमेना. तेव्हा त्याने मला पुण्याहून आलेल्या विनीताच्या हाती दिलं.

शाळेच्या बँडमध्ये शिकलेली ती. सूर पक्के, पण दुसरा वाजवू लागला की ही अदबीने थांबायची, बैठकीत थांबतात तशी.

“इथे रांग नसते,” आर्थर म्हणायचा. “सगळ्यांनी एकदम बोलायचं, भांडणाऱ्या घरासारखं!”

“सासूबाई आल्या की आमच्याकडे तसंच असतं,” विनीता म्हणाली.

आणि कार्यक्रमाच्या तोंडावर मी तडकले. शनिवारी माणसं आली नाहीत तर समाजकेंद्र सरावाची खोली काढून घेणार होतं. बँड मोडला तर आर्थरला घराबाहेर पडायला कारणच उरणार नव्हतं.

“क्लॅरिनेट नाही तर बँड कसला, लाह!” ट्रॉम्बोनवाले मिस्टर लिम आपल्या सिंगापुरी ढंगात कुरकुरले.

“वाजवायचंच,” विनीता म्हणाली. आर्थरने काळ्या लाकडाचा भुसा आणि गोंद माझ्या भेगेत भरला.

शनिवारी छोट्या ट्रम्पेटसारखा कॉर्नेट सुरू झाला आणि विनीता सवयीने थांबली. “घूस ना!” आर्थर खुर्चीतून ओरडला. ती घुसली. एक सूर फुसफुसला, तरी मी चढत गेले. माणसं उठून नाचली. खोली राहिली.

पुढच्या सरावाला मात्र आर्थर आला नाही. फोनही उचलेना. विनीताने लेकीचा हात धरला, मला खांद्याला लावलं आणि त्याचं दार ठोठावलं.

“आता मी वाजवत नाही. मला वाटलं, माझं काय काम?” तो पुटपुटला.

“लिमनी तुमच्यासाठी कॉफी, तुमची ती कोपी, आणून ठेवलीय, गार होतेय. बूट घाला.” त्याने बूट घातले.

मित्रांनो, तुमच्याही इमारतीत कुणीतरी असेल, आधी रोज दिसणारं आणि हल्ली न दिसणारं. फोन लागला नाही म्हणून गप्प बसू नका. आजच जा, बेल वाजवा, आणि दार उघडेपर्यंत थांबा.