सायरन गप्प होता

जुन्नरजवळच्या ओझरला देवळाच्या रस्त्यावर एका लॉजमध्ये रत्ना कॅमेरे बसवत होती. शेवटचा स्क्रू आवळून ती शिडीवरून खाली उतरली, लॉजवाल्याने दिलेला चहा हातात घेतला आणि सवयीने मोबाइलवर आपल्या गावाकडचे कॅमेरे उघडले.

पिंपरी पेंढारच्या शिवारात, जिथे तिचं घर होतं, तिथे चहूबाजूंनी ऊस. उसात बिबटे. गेल्या पावसाळ्यात अंगणातून एक वासरू उचललं गेलं, तेव्हा वस्त्यांवरच्या लोकांनी एकत्र येऊन रत्नाला बोलावलं. तिने जुन्नरला डिप्लोमा केलेला, पुण्यात थोडे दिवस नोकरी करून गावात दुकान टाकलेलं. उसाच्या कडेकडेने तिने कॅमेरे लावले आणि प्रत्येक वस्तीवर एकेक सायरन. सगळ्यांच्या वायरी गेणभाऊंच्या माडीवर एका डब्यात आणून जोडल्या. कोणत्याही कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की तो डब्याला कळवणार आणि डबा सगळीकडचे सायरन एकदम वाजवणार.

"म्हंजी वायरलेसवर पोलीस बोलत्यात, तसं," गेणभाऊ म्हणाले होते. वस्तीतले सगळ्यात मोठे शेतकरी ते. जागा, वीज सगळं त्यांनीच दिलं होतं.

"तसंच. यंत्रं एकमेकांना जोडली की झालं नेटवर्क. एकाला दिसलं की सगळ्यांना कळतं."

"आन ह्यो डबाच बंद पडला तर?"

"मग सगळीच आंधळी. म्हणून तर बॅटरी लावलीय, भाऊ."

सायरन हिवाळ्यात दोनदा वाजला. दोन्ही वेळेस पोरं-शेरडं घरात आली आणि बिबट्या बांधावरूनच हात हलवत परत गेला. तेव्हापासून लोकांचा जीव भांड्यात पडला. आधी बाया रानात जाताना चौघी-पाचजणी मिळून जायच्या, एकीने काठी घेऊन उभं राहायचं, ऊन कललं की घरी. आता राखणीला उभं राहणारी बाईही कांदा काढायला बसू लागली. "सायरन हाय की," असं म्हणायचं आणि अंधार पडेपर्यंत काम ओढायचं.

मोबाइलवर ओढ्याकडचं रान दिसत होतं. कांद्याच्या वाफ्यात बाया ओणव्या बसलेल्या. हिरव्या लुगड्यातली तिची आई, बायडाबाई, तिने लगेच ओळखली. जरा लांब, अगदी उसाला लागून साळुबाई एकट्याच. साळुबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे गप्पांत त्या नसायच्या. स्वतःची ओळ धरून पुढे पुढे जायच्या.

रत्नाने चहाचा घोट घेतला आणि पुन्हा बघितलं. कुणीच हललं नव्हतं. आईचा विळा धरलेला हात तसाच अर्धवट उचललेला. बायांच्या सावल्या पायाखाली, अगदी आखूड. तिने मान वर करून लॉजच्या दारातून बाहेर पाहिलं. रस्त्यावरच्या माणसांच्या सावल्या लांबच लांब पसरल्या होत्या.

ते चित्र दुपारचं होतं. तिथेच गोठलेलं.

तिने दुसरा कॅमेरा उघडला, तिसरा उघडला. सगळीकडे तेच दुपारचं ऊन. एक कॅमेरा बिघडला असता तर एकच चित्र थांबलं असतं. सगळी थांबली म्हणजे डबाच गेला होता. आणि डबा गेला म्हणजे सायरन वाजणार नव्हता, समोर बिबट्या येऊन बसला तरी.

तिने आईला फोन लावला. बंद. गेणभाऊंना लावला. बंद. वस्तीवरचा एकही नंबर लागेना. म्हणजे तिकडची वीज गेली होती आणि टॉवरही झोपला होता. लॉजवाला मागून "ताई, बिलाचं..." म्हणेपर्यंत तिने स्कुटी चालू केली होती.

रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. वनखात्याचा माणूस गावात सांगून गेला होता, उभ्या माणसावर बिबट्या सहसा येत नाही. खाली बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. आणि तिकडे सहा-सात बाया वाकून बसलेल्या, बिनघोर, कारण तिने बसवलेलं यंत्र गप्प होतं.

गेणभाऊ अंगणात ट्रॅक्टरला टेकून उभे होते.

"विजेचा डीपी उडाला बघ दुपारी," ते म्हणाले. "मोठा आवाज झाला. तुझ्या डब्यातनं पण धूर निगाला. म्हणलं येशील संध्याकाळी."

"बाया कुठायत?"

"रानात. का?"

"भाऊ, सायरन बंद आहे!"

"आगं पर वाजला कुटं? वाजला न्हाई म्हंजी काय न्हाई..." बोलता बोलताच ते थांबले. चेहरा उतरला. "आरं देवा. बंद हाय म्हणून वाजला न्हाई."

"ट्रॅक्टर काढा. हॉर्न देत ओढ्याकडे या. मी पुढे होते."

माडीवर जाऊन डबा बघावा, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. तो सुरू झाला तर सगळ्या वस्त्यांना एकदम कळलं असतं. पण जळलेला डबा फुंकर घालून चालू होणार नव्हता. तिने स्कुटी रानाकडच्या पाणंदीत घातली.

सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. पाणंद संपली आणि रान दिसलं. बाया होत्या. वाकलेल्या, एकमेकींशी हसत-बोलत. रत्नाने स्कुटीचा वेग कमी केला. आणि मग तिने उसाकडे पाहिलं.

साळुबाईंच्या पाठीमागे, उसाच्या कडेला, वाळल्या पाचटाच्या रंगाचं काहीतरी जमिनीला चिकटून बसलं होतं. त्याचे कान तेवढे हलले.

"आये, उठ! उभ्या ऱ्हा सगळ्या! उठा!"

बायडाबाईंनी वर पाहिलं. पोरीचा तो आवाज ऐकून त्या काही न विचारता उठल्या, शेजारणीला दंडाला धरून उठवलं. बाकीच्या धडपडत उभ्या राहिल्या. कुणीतरी किंचाळलं. फक्त साळुबाई वाकलेल्याच. विळा चालू, ओळ पुढे सरकत असलेली.

"साळू! ए साळू!" बायडाबाई ओरडल्या आणि हातातला कांदा त्यांनी फेकला. तो साळुबाईंच्या पुढ्यात पडला. साळुबाईंनी मान वळवली, तोच ते उसाकडचं जनावर सुटलं.

रत्नाने स्कुटी तशीच वाफ्यात घातली. हॉर्नवरचा अंगठा तिने काढलाच नाही. चाक मऊ मातीत रुतलं, स्कुटी आडवी झाली, ती कोपरावर आपटली. पण त्या आवाजाने बिबट्याची उडी चुकली. साळुबाईंच्या पाठीवरून पंजा ओढत तो बाजूला पडला, क्षणभर तिथेच दबून गुरगुरला. त्याच्या आणि रत्नाच्या मध्ये एक वाफा होता. तिला त्याच्या मिशा दिसत होत्या.

"पळू नगा कुणी," बायडाबाई म्हणाल्या. विळा उगारून त्या पुढे आल्या, त्यांच्या मागे बाकीच्या, एकमेकींना चिकटून. तेवढ्यात पाणंदीतून गेणभाऊंचा ट्रॅक्टर हॉर्न देत, डेकवर मोठ्याने गाणं लावून घुसला. बिबट्याने मान वळवली आणि दोन झेपांत तो उसात नाहीसा झाला. पानं हलत राहिली.

साळुबाईंची चोळी फाटून पाठ रक्ताने भिजली होती. त्या रडत नव्हत्या. एकच विचारत होत्या, "सायरन का न्हाई गं वाजला? तेवढा मला ऐकू येतो. तेवढाच येतो."

रत्नाने आपली ओढणी त्यांच्या पाठीवर दाबून धरली.

साळुबाईंना नारायणगावला नेलं, टाके पडले, सुया दिल्या. जीव वाचला. चार दिवसांनी गेणभाऊंच्या अंगणात सगळे जमले. साळुबाईंचे यजमान, धर्माजी, एरवी मोठ्याने न बोलणारे, उभे राहिले.

"काढून टाका ते सगळं. त्याच्या जिवावर बाया गाफील राहिल्या."

सगळ्यांनी रत्नाकडे पाहिलं. तिच्या कोपराला पट्टी होती.

"धर्माजीबाबा खरं बोलत्यात," ती म्हणाली. "सगळ्या वायरी एका डब्यात नेल्या, कारण ते सोपं व्हतं. एका ठिकाणी बघायचं, एका ठिकाणी दुरुस्त करायचं. पण तेच एक ठिकाण जळालं आन सगळे एकदम उघड्यावर पडलो. बॅटरी वीज गेल्यावर उपयोगाची, डबाच जळाल्यावर न्हाई. आन बंद पडलेला सायरन आन बिबट्या नसताना गप्प असलेला सायरन, दोन्ही सारखेच दिसतात. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाच सुचलं नव्हतं."

"मग काढायचं का ठेवायचं?" गेणभाऊंनी विचारलं.

उत्तर दिलं ते गोधडीवर पालथ्या पडलेल्या साळुबाईंनी. त्यांच्या कानाशी जाऊन बायडाबाईंनी सगळं सांगितलं होतं. "ठिवा," त्या म्हणाल्या. "पर ते जागं हाय का मेलंय, ते कळलं पायजे."

त्यावरून रत्नाने काम नव्याने केलं. प्रत्येक वस्तीला स्वतःचा छोटा डबा दिला. मधली जोडणी तुटली तरी त्या वस्तीचा कॅमेरा त्याच वस्तीचा सायरन वाजवेल, शेजाऱ्याला कळणार नाही एवढंच. आणि दर तासाला सायरन एकदा आखूड हुंकार देईल, साळुबाईंनाही ऐकू जाईल एवढा, आपण जागे आहोत हे सांगायला. ज्या तासाला हुंकार आला नाही, त्या तासाला यंत्र नाही असं समजायचं. राखणीची बाई काठी घेऊन पुन्हा उभी राहू लागली. तिची मजुरी इतर बायांइतकीच धरायची, हे बायडाबाईंनी भांडून ठरवून घेतलं.

उन्हाळ्याच्या तोंडी एका दुपारी ओढ्याकडच्या रानात हुंकार आला नाही. उंदराने वायर कुरतडली होती, हे नंतर कळलं. राखणीला साळुबाईच होत्या; टाक्यांची पाठ अजून ओढत होती. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. बाया काही न बोलता उठल्या, विळे कमरेला खोचले आणि अर्धा वाफा तसाच ठेवून एकत्र घराकडे चालू लागल्या.